थेंबाची चौकशी करणारे पडवळ सर

१. मुरबाडच्या कारखान्यात मी संशोधनासाठी गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी पडवळ सरांनी मला हात धुऊन यायला सांगितले.
२. पुढे माझ्या प्रोग्रामच्या चाचणीत शाईचे थेंब आठवडाभर सरळ पडले.
३. सर एक दिवस रजेवर गेले आणि थेंब वाकडे पडले.
४. कारण सरांनीच सर्वांसमोर सांगितले.
५. या कामावरच्या माझ्या शोधनिबंधात स्वतःचे नाव घालू द्यायला ते तयार नाहीत.

सापगावचे श्री. अनंत पडवळ यंदा साठी पूर्ण करत आहेत, त्यानिमित्त कारखान्यात त्यांचा सत्कार आहे. खोक्यांवर छपाई करणाऱ्या यंत्रांची देखभाल ते पाहतात. या यंत्रांच्या हेडमध्ये, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागात, केसाएवढ्या बारीक नळ्या असतात. विजेचा ठोका बसला की थेंब सुटतो. पण आतली शाई थरथरत राहते आणि पुढच्या थेंबाचा वेग बिघडतो. कॅमेऱ्यात दिसलेल्या चुकीवरून पुढचा ठोका सुधारणे, हे माझ्या प्रोग्रामने शिकायचे होते.

"शाई किती वेळ हलते गो?" सरांनी विचारले. मी आकडा सांगितला.

"आनि गरम झाली तर?"

ते मी मोजलेच नव्हते. त्या दिवसापासून तापमानाची नोंद सुरू झाली. एसटी चुकली की सर मला मोटारसायकलवरून आटगाव स्टेशनवर सोडत; वाटभर प्रश्न शाईचेच.

सर रजेवरून परतले तेव्हा आमचे साहेब म्हणाले, "तुमचा प्रोग्राम पडवळांना घाबरतो वाटतं!" सगळे हसले. सर हेडकडे पाहत होते.

"साहेब, चूक माझी हाय. मॅडमची चाचणी असली का मी आधी हेड पुसून ठेवायचो. पावन्यापुढं खरकटं ताट ठेवतात का?"

म्हणजे हेडवर ओघळलेली शाई प्रोग्रामने कधी पाहिलीच नव्हती. चाचणीआधी हेडला कोण हात लावते, हे मी विचारले नव्हते. ती चूक माझी. साहेब काम थांबवणार होते. सरांनी पंधरा दिवस मागून घेतले. हेड कधी पुसायचे, कधी तसेच ठेवायचे, याचा तक्ता त्यांनी स्वतः आखला. दोन्ही तऱ्हेच्या हेडवर प्रोग्राम शिकला, आणि त्यानंतर न पुसलेल्या हेडवरही थेंब सरळ राहिले.

"मी काय केलं? पुसायचं थांबवलं. लोक हसतील गो," नाव घालण्याचा विषय काढला की सर असे म्हणतात. निबंधाचा अर्धा भाग त्या तक्त्यावर उभा आहे.

सरांची प्रकृती उत्तम राहो. मला उत्तर येत नाही असे प्रश्न त्यांनी पुढेही पुष्कळ वर्षे विचारावेत.

सर, निबंध पाठवायचा आहे. आपले नाव घालू का, ते कृपया सत्कारानंतरच्या सोमवारपर्यंत कळवावे.