संत्र्यावरचं घोंगडं

दिवस कलला की मामी दोन्ही हात पाठीमागे बांधून अंगणात उभ्या राहायच्या, एकेका झाडाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "ह्याला तोंड न्हाई म्हणून काय हीव वाजत न्हाई व्हय?"

साखऱ्याच्या शाळेवर मी जेवढे हिवाळे काढले, तेवढे सगळे हे वाक्य ऐकत काढले. मामी माझ्या खोलीच्या शेजारी राहत. साऱ्या गल्लीच्या मामी, म्हणून माझ्याही. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. दिवाळी झाली की मामा कळप घेऊन वऱ्हाडाकडे निघायचे, ते पावसाच्या तोंडावर परतायचे. वाटेत ज्याच्या शेतात मेंढरं बसवायची, तो खताच्या बदल्यात धान्य द्यायचा. मामा वर एखादं रोप मागून घ्यायचे. त्यामुळे मामींच्या अंगणातला कढीपत्ता वाशीमचा होता, पपई कारंज्याची. मामा कुठे कुठे झोपले ते अंगणात उभं राहून सांगता यायचं.

थंडी सुरू झाली की मामी घरातली जुनी पोती, फाटकी लुगडी आणि सुतळीचा गुंडा बाहेर काढायच्या. संध्याकाळी विहिरीचं कोमट पाणी घालून एकेक झाड गुंडाळायच्या आणि सकाळी उन्हं आली की सोडायच्या. अंधारून आल्यावर ते अंगण म्हाताऱ्या बायका गप्पा मारत बसल्यासारखं दिसे. शाळा तपासायला आलेले एक साहेब त्या वाटेने जाताना पपईला "रामराम आजी" म्हणून गेले. तेव्हापासून मामी तिला आजीच म्हणायला लागल्या.

एका वर्षी पोत्यांवर त्यांचा भरवसा राहिला नाही. लिंबाच्या रोपाभोवती त्यांनी कडब्याच्या पेंढ्या उभ्या केल्या. दारात शेळ्या बांधलेल्या, हे त्या घाईत विसरल्या. सकाळी बघतो तर शेळ्यांनी आधी कडबा खाल्ला होता आणि मग लिंबू. मामींनी कपाळावर हात मारला. "मेंढरावाल्याची बायको मी! मलाच कळू नये?" आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की मलाही आवरेना. दोन दिवस त्या शेळ्यांशी बोलल्या नाहीत. शेळ्यांना त्याची काही तकलीफ झाल्याचं दिसलं नाही.

"झाडांचे एवढे लाड," मी एकदा चिडवलं, "आणि मामा तिकडे उघड्यावर झोपतात त्याचं काय?"

मामी सुतळीला गाठ मारत होत्या. हात जरा थांबला. "त्याईला तोंड हाय, बाई. हीव वाजलं तर शेकोटी मागतीन. ह्यो कुणाला मागंल?"

सगळ्यांत जास्त जीव होता तो संत्र्यात. मामांनी अमरावतीकडून करंगळीएवढं कलम आणलं आणि आणल्या आणल्या म्हणाले, "आपल्या मुरमात हे काय येतंय!" मामींनी तेच मनावर घेतलं. घरच्या लोकरीची दोन घोंगडी होती. एक मामांच्या खांद्यावर असायचं, दुसरं मामींच्या अंथरुणात. मामींनी आपलं घोंगडं संत्र्याला दिलं. भार पडू नये म्हणून भोवती काठ्या रोवायच्या आणि वर घोंगडं. स्वतः गोधडीत झोपायच्या. झाड वाढलं कमरेएवढंच, पण एका पावसाळ्यात फुललं, आणि हिवाळ्यात त्याला हिरवी फळं लटकली. मामी मला रोज ती दाखवायच्या. "मामा आले की त्याईच्या हातानं तोडायला लावते. मग बघू मुरमात येतंय का न्हाई."

मामा त्या वर्षी लवकर आले. भर थंडीत, एका संध्याकाळी, सोबत्याने त्यांना जीपमधून आणून सोडलं. तापाने अंग नुसतं थडथडत होतं.

"घोंगडं कुठाय तुमचं?" मामींनी विचारलं.

"कळपात. मेंढी व्याली... कोकरावर टाकलं."

मामींनी एकदा संत्र्याकडे बघितलं. मग सरळ जाऊन घोंगडं ओढून आणलं आणि मामांना त्यात गुंडाळलं. झाडावर घालायला मी माझी रग आणली, तर तीही त्यांनी मामांच्याच अंगावर टाकली. संत्र्याच्या वाट्याला एक पोतं आलं. थंडी मात्र त्याच रात्री सगळ्यात जास्त पडली.

सकाळी मामांचा ताप उतरला होता आणि झाड काळं पडलं होतं. मामी त्याच्यापाशी बसून होत्या. "काल तोंड असलेल्याचं ऐकलं रे," एवढंच त्या झाडाला म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

उन्हाळ्यात बुडातून कोंब फुटले. मामी हरखल्या. मामांनी वाकून बघितलं आणि हळूच मला सांगितलं, "हे संत्रं न्हाई. कलम ज्याच्यावर बांधलेलं, त्यो खालचा जंबेरीचा खुंट फुटलाय. रानलिंबूच ते. नुसतं आंबट." मामींना त्यांनी काही सांगितलं नाही. पुढे त्याला फळं धरली तेव्हा मामींनी पहिलं फळ मामांच्या हाताने तोडायला लावलं. मामांनी सोललं आणि तोंड जराही वाकडं न करता सगळं खाल्लं.

"कसं हाय?"

"ग्वाड हाय."

मामी खुदकन हसल्या. त्यांनी आदल्याच दिवशी खाली पडलेलं एक माझ्यासमोर चाखून बघितलं होतं. "बराबर," म्हणाल्या, "ग्वाडच असंल."

मग माझी बदली झाली. परत साखऱ्याला गेले तेव्हा थंडीचे दिवस होते आणि मामी जाऊन वर्ष होत आलं होतं. मामा आता कळपामागे जात नव्हते. दिवस कलत होता. ते मामींचं घोंगडं घेऊन जंबेरीपाशी उभे होते. झाड डोक्यावर गेलेलं. घोंगडं जेमतेम अर्ध्या झाडाला पुरत होतं.

"मामा, जंबेरीला थंडीचं काही होत नाही ना?"

"न्हाई होत," ते म्हणाले आणि घोंगडं नीट पसरत राहिले.

मग एक पिवळं फळ तोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं आणि मी सोलून फोड तोंडात टाकेपर्यंत माझ्याकडे बघत राहिले. दात आंबून गेले, डोळ्यांत पाणी आलं.

"कसं हाय, बाई?"

"गोड आहे, मामा."