काकांच्या लेखाची पीडीएफ

दोन हजार चार-पाच सालची गोष्ट असेल. सिंगापूरला येऊन मला दोन वर्षं झाली होती आणि कॉम्प्युटरमधलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा ठाम समज होता. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचं काम मी त्याच तोऱ्यात अंगावर घेतलं. कशातही लिहून पाठवा, मी सगळ्याच्या पीडीएफ करून छापखान्यात देतो, असं मीटिंगमध्ये सांगून मोकळा झालो. एका बँकवाल्याने तर आपली कविता एक्सेलमध्ये पाठवली, एका चौकोनात एक ओळ. तीही मी बसवली आणि चार लोकांना सांगत फिरलो.

सिंगापूरच्याच पासिर रिस भागात मुलाकडे राहायला आलेल्या एका काकांनीही लेख दिला. वय सत्तरीच्या पुढे. आदल्या वर्षी त्यांची बायको गेली होती. तिच्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच काही लिहिलं होतं, पुण्याहून आणलेला मराठी फॉन्ट वापरून, एका बोटाने, महिनाभर. उत्सव संपला की ते परत जाणार होते आणि अंक बायकोच्या बहिणींना द्यायचा होता. सीडी देताना फॉन्टही त्यातच घातलाय, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

मी फॉन्ट टाकला, लेख उघडला, पीडीएफ करायला घेतली. मध्येच एक सूचना आली. हा फॉन्ट पीडीएफमध्ये सोबत जाणार नाही, असं ती सांगत होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी न वाचताच ओके दाबलं. फॉन्ट माझ्या कॉम्प्युटरवर होता, त्यामुळे माझ्या स्क्रीनवर लेख अगदी छान दिसत होता. छापखान्यातल्या चिनी माणसाला आपली लिपी वाचता येत नव्हती, म्हणून त्याने तपासायला छापील प्रूफ पाठवलं. ते पाकीटही मी उघडलं नाही.

अंक आले. काकांची दोन पानं इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांच्या चिन्हांनी भरली होती. काकूंचा फोटो तेवढा नीट आला होता.

आरतीनंतर सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर मला विचारलं, हे काय झालं? काका शेजारीच होते, ते पान उघडं धरून.

"त्यांच्या फाइलमध्येच घोळ होता," मी म्हणालो.

इतक्या सहज तोंडातून गेलं की मलाच भीती वाटली. काका भांडतील, फॉन्ट दिला होता म्हणतील, असं वाटलं. पण त्यांचा चेहरा उतरला.

"माझंच काहीतरी चुकलं असणार," ते म्हणाले. "या वयात नको ते उद्योग. तुमच्या चांगल्या अंकाचं नुकसान झालं, माफ करा."

खरं सांगायला तेव्हाही वेळ होता. लाज वाटत होती, पण चारचौघांतली माझी अब्रू मला जास्त प्यारी होती. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू द्या काका, होतं असं."

सगळ्यांसमोर मी त्यांना माफ केलं.