एकट्याला चालेल असे यंत्र

२ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात जपानने शरणागतीच्या कागदावर सही केली आणि दुसरे महायुद्ध रीतसर संपले. ती बातमी नगरच्या लष्करी कारखान्यात पोहोचली तेव्हा लालमहंमद एका चिलखती गाडीखाली उताणा पडून तडा सांधत होता. बाकीच्यांनी हत्यारे टाकून एकमेकांना मिठ्या मारल्या. त्याने हातातली वेल्डिंगची कांडी संपवली आणि मगच चेहऱ्यावरचा मुखवटा वर केला. युद्ध संपले म्हणजे आपले कामही संपले, हे त्याला तेवढ्या वेळात उमगले होते.

पुढच्या जानेवारीत त्याला घरी पाठवण्यात आले. घर राहात्याच्या अलीकडे, कालव्याकाठच्या एका गावात. त्रेचाळीस साली आई वारली, ती खबर त्याला दफन होऊन आठ दिवसांनी मिळाली होती. त्यानंतर घराला कुलूपच होते. पहिले चार दिवस शेजारणींनी भाकरी पाठवल्या. पाचव्या दिवशी त्याने स्वतः चूल पेटवली. चौतिसाव्या वर्षी, सात वर्षे दोनशे माणसांच्या गोंगाटात काढून आलेल्या त्या माणसाला ओसरीवर बसले की रस्त्यावरून जाणाऱ्याची चाहूल दुरूनच लागे, आणि ती दाराशी न थांबता पुढे निघून गेलेलीही कळे. त्याला आता याच गावात राहायचे होते. त्यासाठी दारात काम हवे होते, आणि कामासाठी वेल्डिंगचे यंत्र.

यंत्र एकदाच घेता येणार होते. म्हणून त्याने कारखान्यात शिकलेली रीत धरली: आधी कामे मोजायची, मग जोर ठरवायचा. पातळ पत्र्याला जास्त अँपिअरचा झोत दिला तर भोक पडते. जाड लोखंडाला कमी दिला तर जोड वरवर बसतो, आत शिरत नाही. एप्रिल-मे हे दोन महिने तो कॅलिपर घेऊन आसपासच्या गावांत हिंडला. नांगराचे फाळ, लोखंडी मोटा, बादल्या, गाड्यांच्या चाकांवरच्या धावा, गुळाच्या काहिलींचे तळ, जे मोडके म्हणून समोर आले त्याची जाडी त्याने वहीत टिपली.

कारभारींच्या मळ्यात तो गेला तेव्हा उसाचा चरक गोणपाटाखाली झाकलेला होता. पंचक्रोशीतले सर्वांत मोठे गुऱ्हाळ त्यांचे.

"आण्णा, चरकाचं काही काम?"

"चरकाला काय धाड भरलीय?" कारभारी म्हणाले. "गुऱ्हाळ लागायच्या आदी चरकाचं वाईट बोलायचं नसतं. फौजेत इसरलास व्हय?"

तो खरोखरच विसरला होता. चरक उघडून बघायचा नाही, त्यात खोट आहे असे तोंडातून काढायचे नाही, नाहीतर हंगाम नासतो, अशी तिकडची समजूत. लहानपणी त्यानेही ती पाळली होती. पण सात वर्षे तो अशा जागी राहिला होता, जिथे मोडके ते मोडके म्हणून फळ्यावर लिहिले जाई. त्याने वहीत लिहिले: 'चरक, काम नाही.' गोणपाटाखालच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, चौकटीला मागच्या हंगामापासून केसाएवढा तडा होता, आणि तो कारभारींना ठाऊक होता.

जूनमध्ये नगरला लष्कराच्या जादा सामानाचा लिलाव झाला. त्यात इंजिनासकट दोन वेल्डिंग यंत्रे होती. गावात वीज नसल्याने इंजिन हवेच होते. एक यंत्र तीनशे अँपिअरचे, धूड. दुसरे दोन चाकांवरचे, फार तर सव्वाशे देणारे. भांडारातला जुना सोबती आसाराम त्याच्या शेजारी उभा होता.

"लाल्या, तीनशेचं घे. जास्त जोर कमी करता येतो, कमी जोर वाढवता येत न्हाई."

"त्याला दोन माणसं लागतात. एक इंजिनाशी, एक कांडीशी."

"मग ठेव एक."

"कुठून आणू?"

"लगीन कर की."

"आन् बायकोला इंजिनाशी उभी करू?"

"तुझ्या हातची भाकर खाण्यापरीस तिला इंजिन बरं वाटंल."

लालमहंमद हसला आणि त्याने वही उघडून दाखवली. वहीतले सर्वांत जाड काम बैलगाडीच्या आसाचे होते, तेही वर्षातून एखादे. सव्वाशेला ते जेमतेम झेपत होते. हिशेब चोख होता. आसारामने वही परत दिली. छोटे यंत्र आगगाडीने चितळी स्टेशनापर्यंत आणि तेथून बैलगाडीने गावात आले.

कामे येऊ लागली. झोत पेटला की डोळे जातात, असे त्याने सर्वांना बजावले होते. म्हणून वस्तू घेऊन आलेले लोक त्याच्याकडे पाठ करून उभे राहत. बोलणे चाले ते त्यांचे आपसात. मुखवटा वर करीपर्यंत निम्मे तंबाखू मळत झाडाखाली गेलेले असत.

डिसेंबरात, गुऱ्हाळ लागून पंधरवडा झाला असताना, कारभारींचा चरक तडकला. तोडलेला ऊस वाळत पडला होता. गुळव्या पुंजाराम, म्हणजे काहिलीतल्या रसाचा गूळ कधी झाला ते ठरवणारा माणूस, धापा टाकत आला.

"मिस्त्री, आण्णांनी बलीवलंय. म्हन्ले, वहीत लिवायचं राह्यलं हुतं ते लिव म्हनावं."

बिडाची ती चौकट हाताच्या पंजाएवढी जाड होती. सव्वाशे अँपिअर तिला कुठेच पुरणार नव्हते. नाही म्हणता आले असते. पण हा जोड बसला तर कालव्याकाठचे प्रत्येक गुऱ्हाळ त्याच्या दाराशी येणार होते, आणि नाही म्हटले तर बादल्यांखेरीज काही येणार नव्हते.

"तापवून घेऊ," तो म्हणाला. "लोखंड आधीच लाल असलं की यंत्राला कमी जोर पुरतो. पन माणसं लागतील."

दिवस उगवताच चौकट काहिलीखालच्या चुलवाणात ठेवली. सात-आठ जणांनी चिपाडे लोटली, चौघांनी ओल्या गोणपाटाआडून ती बाहेर ओढली, आणि तो तड्यात थरावर थर भरत गेला. निवू लागली की पुन्हा आत. दुपारपर्यंत असेच चालले. यंत्र एकट्याला चालेल म्हणून घेतले होते. गेल्या वर्षभरात एवढी माणसे त्याच्याभोवती कधी नव्हती. पुंजाराम त्याला रसाचा तांब्या देत म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या मशिनीपेक्षा माझं चुलवाण ताकदवान." सगळे हसले, तोही हसला. शेवटी चौकट राखेत पुरून दोन दिवस हळूहळू निवू दिली.

चरक चार दिवस चालला. पाचव्या दिवशी पुंजाराम पुन्हा आला, या वेळी सावकाश.

"मोडला."

"कुठं मोडला? माझ्या जोडावर, का त्याच्या शेजारी?"

"मोडल्यावर कोन बघतंय, मिस्त्री? काहिलीत रस उकळत हुता."

"चौकट कुठाय?"

"सकाळीच नगरला धाडली. आण्णा नवी वतून आननार."

त्याचे विचारणे उगाच नव्हते. जोड सुटला असेल तर चूक यंत्राच्या जोराची, म्हणजे त्याच्या निवडीची. शेजारचे जुने बीड फुटले असेल तर त्याच्या कामात खोट नव्हती. दुसऱ्या दिवशी तो नगरला ओतशाळेत गेला. कामगाराने भट्टीकडे बोट दाखवले. चौकटीचे तुकडे सकाळच्या भट्टीतच वितळले होते.

त्याला कोणी दोष दिला नाही. बादल्या आणि फाळ येत राहिले; गुऱ्हाळांची कामे आली नाहीत. १९४९ च्या उन्हाळ्यापर्यंत तो गावात होता एवढे सांगता येते. त्यानंतर तो आणि यंत्र कुठे गेले, हे माहीत नाही. चौकट नेमकी कुठे मोडली, हेही माहीत नाही.