पाचांतली धाकटी

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी अंधेरीच्या स्टुडिओंमध्ये उच्चार शिकवायला जाऊ लागले. गाणारे, डबिंग करणारे लोक आता कुठून कुठून येतात, आणि प्रत्येकाची जीभ कुठेतरी अडतेच. दोनेक वर्षांपूर्वी एका ओळखीच्या संगीतकाराचा फोन आला. म्हणाला, एक कोरियन मुलगी आहे. तिकडच्या एका ग्रुपमध्ये नाचायची-गायची. ग्रुप मोडला, आता इथे एकटीने गायचं म्हणतेय. मी तिचं हिंदी गाणं करतोय, तुम्ही जरा तिचे उच्चार बघा.

ती आमच्या पार्ल्याच्या घरी आली तेव्हा दारात बूट काढून त्यांची टोकं बाहेरच्या बाजूला वळवून ठेवली आणि पेरूंची पिशवी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. वय तिशीला टेकलेलं, पण दिसायची कॉलेजातल्या मुलीसारखी. आम्ही मोडक्या हिंदीत आणि इंग्रजीत बोलायचो. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात एका मासळीवाल्या मावशींच्या माडीवर ती भाड्याने राहत होती. मावशी तिला रोज जेवायला वाढायच्या आणि ती कमी जेवते म्हणून रागवायच्या.

माझा नवरा बँकेतून निवृत्त झालेला. गाण्याशी त्याचा संबंध सकाळच्या रेडिओपुरता. पण त्याने उत्साहाने त्या ग्रुपची जुनी गाणी टीव्हीवर लावली. पाच मुली, पाचही जणींचे केस गुलाबी. यातली आपली कुठली, हे शोधण्यातच आमची एक संध्याकाळ गेली. शेवटी सापडली. कडेला उभी होती, तिच्या वाट्याला एकच ओळ होती, तीही लाडिक आवाजात.

नवरा म्हणाला, "अगं, हिला गायला दिलंच कुठे यांनी?"

मी तिला पुढे कधीतरी हे विचारलं. तिने काही न लपवता सांगितलं. चौदाव्या वर्षी ती असे ग्रुप तयार करणाऱ्या तिकडच्या एका कंपनीत शिकायला गेली. पाचांत धाकटी, आणि धाकटीने गोड असायचं हे तिथे ठरलेलं. गाल फुगवायचे, बोबडं बोलायचं. पंचविशी उलटल्यावरसुद्धा वाढदिवसाला डोक्यावर सशाचे कान लावून स्टेजवर मेणबत्त्या विझवायच्या. ग्रुप बंद झाल्यावर बाकीच्या कुणी मालिकांत गेल्या, कुणी लग्न केलं. हिला एकटीने गाशील का असं कुणीच विचारलं नाही. विचारलं ते इथल्या या संगीतकाराने, म्हणून ती इथे आली.

तिच्या भाषेत घ, ध, भ नाहीत. 'घर' म्हणायला गेली की 'खर' व्हायचं, 'धूप'ची 'थूप'. मी तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवून आवाजाची थरथर दाखवायची, मग तिच्या स्वतःच्या गळ्यावर ठेवायला लावायची. ती हट्टी होती. कोळीवाड्यातल्या मावशींनी मला नंतर सांगितलं की माडीवरून दिवसभर नुसतं घ घ घ ऐकू यायचं आणि त्यांची मांजरं घाबरून शेजारी जाऊन बसायची.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी संगीतकाराशेजारी काचेच्या अलीकडे बसले होते. ती सुंदर गायली. 'घर' कसं भरदार, स्वच्छ आलं. मी खूश होऊन त्याच्याकडे बघितलं, तर त्याचा चेहरा उतरलेला.

तो म्हणाला, "मॅडम, तिचं ते 'खर' फार गोड होतं. लोकांना तेच ऐकायचंय. आपल्यासारखीच गायला लागली तर तिला कोण ऐकणार?"

मी म्हटलं, मग मला कशाला बोलावलंत? तेव्हा लक्षात आलं नव्हतं, असं त्याने सरळ कबूल केलं. माणूस वाईट नव्हता. बाजार कसा चालतो ते त्याला ठाऊक होतं. त्याने माइकवरून तिला सांगितलं की पहिल्यासारखंच म्हण, थोडं लहान मुलीसारखं.

तिने म्हटलं. एकही चूक न विसरता सगळे उच्चार जसेच्या तसे चुकवले. काचेच्या अलीकडे सगळे खूश होऊन हसले. मग तिने हेडफोन काढून नीट हुकाला अडकवला आणि बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली.

"मी बारा वर्षं गोड होते," ती सावकाश, शब्द जुळवत म्हणाली. "आता मला नीट गायचंय."

त्याने तिला बराच वेळ समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं, कमरेत वाकून नमस्कार केला, आणि हेच गाणं वापरायचं असेल तर माझं नाव घालू नका, असं सांगितलं. नावाशिवाय त्या गाण्याचा त्याला उपयोग नव्हता. ते तसंच पडून राहिलं.

परतताना रिक्षात मी तिला म्हटलं की एवढं एक गाणं होऊ द्यायचं होतंस, पुढचं मग तुझ्या मनासारखं केलं असतंस. मला खरंच तसं वाटत होतं. परक्या गावात एकटी पोर, हातचं काम सोडून निघालेली.

ती बाहेर बघत होती. "टीचर," ती म्हणाली, "पहिलं तसं झालं की दुसरंही तसंच मागतात."

मग बरेच महिने काही घडलं नाही. मी तिला एका डबिंग स्टुडिओत नेलं. कोरियन मालिका हिंदीत येतात, त्यांतली गाणी हिंदीत गायला माणूस हवा होता. तिथे चेहरा दिसत नाही. तिला ते आवडलं. तिथेच मुलुंडचा एक कीबोर्ड वाजवणारा भेटला आणि त्याच्याबरोबर तिने स्वतःची गाणी बसवली.

पहिला कार्यक्रम पार्ल्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये झाला. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळून पुढच्या रांगेत बसल्या होत्या. मागे कॉलेजातल्या काही मुली ग्रुपच्या जुन्या गाण्यासाठी ओरडत होत्या. तिने हसून मान हलवली आणि आज नाही म्हणाली. त्या थोड्या हिरमुसल्या, पण उठून गेल्या नाहीत. तिची आई तिकडे बसस्टॉपजवळ दुकान चालवायची, त्यावर तिने हिंदीत गाणं केलं होतं. माझ्या नवऱ्याने डोळे मिटले तेव्हा मला वाटलं, झाली याची झोप सुरू. पण गाणं संपल्यावर पहिली टाळी त्याचीच होती. मावशी मला म्हणाल्या की पोरगी आज उंच दिसते.

ते गाणं तिने नेटवर टाकलं. फार कुणी ऐकलं नाही. एकाने लिहिलं की ही तर आपल्याकडचीच वाटते, मग नवल काय. तिने ते मला वाचून दाखवलं आणि खुशीत फोन ठेवून दिला.

यंदा जुन्या कंपनीने पाचही जणींना एका कार्यक्रमासाठी परत बोलावलं. ती जाणार नाही असं मी धरून चालले होते. ती गेली. चौघींना भेटायचं होतं, म्हणाली. आल्यावर मी विचारलं, पुन्हा गोड व्हावं लागलं का? हो, म्हणाली, पण एका संध्याकाळपुरतं होतं, मजा आली.

आता ती माझ्याकडे मराठी शिकते. कुणी सांगितलं म्हणून नाही; मावशींशी भांडता आलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. सध्या आम्ही 'ळ'वर अडलोय. 'काळा' म्हणताना जीभ मागे वळते आणि तिथेच राहते, मग तिला हसू आवरत नाही, आणि मलाही.