शास्त्रीमामांचा जोडतारा

भाद्रपदात ठाण्याला, नौपाड्याच्या घरी कल्याणहून कार्ड आलं. मामींनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, दोनच ओळी. विनायकशास्त्री तापाने गेले, तुला कळवायचं म्हणून कळवलं... त्यातलं 'कळवायचं म्हणून' मला बरोबर लागलं. लागायलाच हवं होतं.

शास्त्रीमामा माझ्या आईचे चुलतभाऊ. माझ्या बहिणीची पत्रिका त्यांनीच जुळवली आणि अकराव्या वर्षी ती विधवा झाली. त्या रागातून मी 'आकाशाचे दलाल' हे चोपडं लिहिलं, ठाण्यापासून कल्याणपर्यंत वाटलं, आणि आम्ही चौघा मित्रांनी शपथ घेतली की ज्योतिष्याच्या ओट्यावर पाय ठेवायचा नाही. चोपड्यात मामांचं नाव नव्हतं, पण ते कुणावर आहे हे कल्याणात कुणाला कळलं नाही असं झालं नाही. बहिणीचं कपाळ पांढरं झालं त्या दिवसापासून मामांनी एकही पत्रिका हातात धरली नव्हती. हे मला चोपडं छापायच्या आधी माहीत होतं. तरीही मी छापलं.

पत्रिका सोडल्यावर त्यांनी रेल्वेच्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात दुर्बीण घेतली. श्रवण नक्षत्राच्या जरा वर एक अंधुक तारा आहे, नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. त्याच्या मागे ते वर्षानुवर्षं लागले. तो एक नाही, दोन आहेत, असं त्यांचं म्हणणं. थोरला तांबूस, वय झालेला. धाकटा निळसर, त्याच्याभोवती हळूहळू सरकणारा. मुंबईच्या एका विद्वान साहेबाला त्यांनी कळवलं. उत्तर आलं की एकट्या ज्योतिष्याच्या डोळ्यावर हे मानता येणार नाही. हा धंदा नसलेल्या कुणी त्याच संध्याकाळी, त्यांच्याच शेजारी बसून पाहावं आणि दोघांनी सही करावी.

गेल्या कार्तिकात ते त्यासाठी माझ्याकडे आले. आत बसा म्हटलं तरी दारातच उभे राहिले.

"अरे, तू माझ्या ओट्यावर चढू नकोस. दुर्बीण अंगणात आणतो. नाही दिसलं तर 'नाही दिसलं' म्हणून लिही. तू माझ्या तोंडदेखलं बोलणार नाहीस, म्हणून तर तुझ्याकडे आलो."

मी म्हटलं, तुमच्या कागदावर माझी सही दिसली तर लोक म्हणतील, हाही फिरला.

ते हसले. "म्हणजे तुलाही शिवाशीव आहे म्हण की."

त्यावर मी काहीतरी तिखट बोललो. काय ते आता आठवत नाही, आठवलं तरी इथे लिहिणार नाही. ते छत्री घेऊन स्टेशनाकडे चालू लागले... मी पोचवायलाही गेलो नाही. सोवळ्याविरुद्ध सभा गाजवणारा मी, एका नळीला डोळा लावला तर बाटेन म्हणून घरात बसलो.

तेरावं झाल्यावर आश्विनात, आभाळ मोकळं झालं तेव्हा कल्याणला गेलो. ओट्यापाशी पाय अडला. मामी म्हणाल्या, "ये वर. ज्याला वाळीत टाकलंस तो माणूस गेल्यावर आलास, आता कसलं भ्यायचं?"

दिवेलागणीला त्यांनीच दुर्बीण लावून दिली. मामांना डोळ्यांनी दगा दिला तेव्हापासून तारा शोधून द्यायचं काम त्यांचंच होतं, हेही मला तेव्हा कळलं. आधी तांबूस ठिपका दिसला. पुष्कळ वेळाने, श्वास रोखला तेव्हा, त्याला खेटून असलेला निळा कण. दिसला. पुन्हा पाहिलं, पुन्हा दिसला.

मामींनी साहेबाला पाठवायचा कागद पुढे केला. खाली मामांची सही, शेजारी मोकळी जागा. "कर आता."

मी टाक हातात घेतला आणि ठेवला. वर लिहिलं होतं, 'आम्ही दोघांनी एकत्र पाहिले.' तिथे सही केली तर ती खोटी होणार होती, आणि मी खोटं लिहिणार नाही म्हणूनच तर ते माझ्याकडे आले होते. मामी कागद घडी करून आत घेऊन गेल्या.

म्हणून ज्यांनी माझं चोपडं वाचलं त्यांच्यासाठी हे लिहितो. विनायकशास्त्र्यांच्या ओट्यावर बसून मी तो तारा पाहिला. तो जोडतारा आहे. साहेबाला माझी ही साक्ष चालायची नाही. मामांना ती गेल्या कार्तिकात हवी होती.