डॉक्टर पळत नसतो

मडिवाळप्पा वीस वर्षं एका दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत ड्रेसर होता. जखमा धुवायच्या, टाक्यांचा ट्रे मांडायचा, डॉक्टरच्या हातात न मागता कात्री द्यायची. माणूस तसा अबोल, पण कॅज्युअल्टीचा विषय निघाला की आपल्याएवढा जाणकार सोलापुरात दुसरा नाही, असं त्याचं स्वतःचं ठाम मत.

शहात्तर साली गिरणी कामगारांच्या नाटकात अपघाताचा प्रवेश आला, तेव्हा नाटक बसवणाऱ्या चिंतामणी मास्तरांनी त्यालाच गाठलं. "सगळं अगदी खरंखुरं पाहिजे," असं ते बोलून गेले आणि फसले. मडिवाळप्पानं डॉक्टरच्या गळ्यातला स्टेथोस्कोप तेवढा ठेवला. कपाळावरचा घाम काढला, देवाला घातलेली हाक काढली, आणि धावत येणं तर पहिल्याच दिवशी बंद केलं.

"डॉक्टर पळत न्हाय, मास्तर. पळालं की दम लागतो, हात हालतो. चालत यायचं, हात धुवायचे, नाडी बघायची."

हा हट्ट नुसता नाटकापायी नव्हता. तीन वर्षांपूर्वी त्याचा मेहुणा गिरणीत यंत्राच्या पट्ट्यात सापडला, मडिवाळप्पाच्याच पाळीत दवाखान्यात आणला गेला आणि टेबलावरच गेला. त्याची बायको, म्हणजे मडिवाळप्पाची धाकटी बहीण चंद्रव्वा, दारात उभी राहून बघत होती. तेव्हापासून ती भावाशी कामापुरतंच बोलायची. तिचं म्हणणं एकच, कुणी पळालं नाही. समजावून समजावून मडिवाळप्पा थकला होता. रंगमंचावर बघेल तर पटेल आणि पुन्हा पहिल्यासारखी बोलेल, या आशेनं त्यानं तिला पुढच्या रांगेत आणून बसवलं.

पडदा वर गेला. जखमी कामगाराला टेबलावर ठेवलं. डॉक्टर झालेला गोपाळ शांतपणे चालत आला आणि हात धुऊ लागला. लोक चुळबुळले. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, पळ की! माणूस मरतंय तितं!" मग दहा जण ओरडले, मग सगळेच. गोपाळ गडबडला. साबण टाकून त्यानं अशी धाव घेतली की टाळ्या थांबेनात.

मडिवाळप्पाला काही सुधरेना. एवढी माणसं चुकत होती, की वीस वर्षं आपणच चुकत होतो?

बाहेर आल्यावर चंद्रव्वानं पदरानं डोळे पुसले. "अण्णा, त्यो जखमी लोकांचा कोण लागत हुता? तरी वरडली की समदी."

"आगं, नाटक हाय ते. पळून काय झालं असतं? भावजी वाचले नसते."

"ते मला तवाच कळलं हुतं."

"मग तीन वर्षं काय म्हनतीस? डॉक्टर पळाला न्हाय म्हनून..."

"डॉक्टरनं चालावं की. मी त्याचं कवा म्हनलं?" ती म्हणाली. "तू भाऊ हुतास. माज्याकडं पळत यायचं हुतंस."

त्या दिवशीचा ट्रे, कात्री, कापूस सगळं मडिवाळप्पाला लख्ख आठवत होतं. दारात उभ्या असलेल्या बहिणीचा चेहरा मात्र काही केल्या आठवेना.