ऑल-स्टार जहूरभाय

जहूर परकाराला माणसं जपायची भारी हौस, आणि शेवटी त्याच माणसांनी अगदी प्रेमानं त्याला गोत्यात आणलं.

अल खोरहून रास लफानच्या प्लांटवर कामगार नेणारी कंपनीची बस तो चालवायचा. मूळचा दापोलीकडचा. तरुणपणी खाडीकाठच्या गावांत टेनिस बॉलच्या मॅचेसमध्ये त्याचा फटका गाजलेला होता, पण कतारला आल्यावर त्याचं नाव झालं ते वेगळ्याच कारणानं. कोकणातून नवा पोरगा आला की पहिल्या शुक्रवारी जहूरच्या खोलीवर त्याला मच्छीचा सालन आणि भात ठरलेला. कुणी आजारी पडला, कुणाचं सुपरवायझरशी वाजलं, की जहूर हजर. म्हणून लहानथोर सगळ्यांचा तो जहूरभाय.

गेल्या वर्षी या भायच्या डाव्या डोळ्यापुढे अंधार साचायला लागला. सुट्टीत गावी गेला तेव्हा चिपळूणच्या डॉक्टरानं तपासून सांगितलं की शुगरनं आतला पडदा निकामी केलाय, हा डोळा गेलाच समजा, आता उजव्याला जपा. जहूरनं हे बायकोला, रुकैयालासुद्धा सांगितलं नाही. मुलगी माहिरा फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. ती एकदा पास झाली की बस सोडायची, तोवर कसंतरी निभवायचं, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

आता कतारमध्ये राउंडअबाउटवर डावीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यावी लागते, आणि जहूरची डावी बाजूच काळी झालेली. तो तिथे आला की अख्खी मान वळवून दोनदा बघायचा, मगच बस पुढे काढायचा. मागे बसलेली पोरं म्हणायची, भाय हल्ली किती सांभाळून चालवतात. एका डोळ्यानं बस चालवणं चूक होतं आणि ते त्याला पुरतं कळत होतं. बसमधली निम्मी पोरं त्याच्याच तालुक्यातली, कित्येकांच्या जन्मानंतरच्या अकीक्याचं जेवण तो जेवला होता. रास लफानला शेवटचा माणूस उतरला की तो स्टिअरिंगवर कपाळ टेकायचा आणि अल्लाचे आभार मानायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अशात तिथल्या कोकणी पोरांच्या हिवाळी क्रिकेट लीगनंतर रत्नागिरी विरुद्ध रायगड अशी निवडक खेळाडूंची ऑल-स्टार मॅच भरवायचं ठरलं. ही कल्पना तनवीर काझीची. तनवीर प्लांटमध्ये सेफ्टी इंजिनिअर आणि लीगचा अध्यक्ष. त्याचा अमेरिकन मॅनेजर बेसबॉलचा वेडा, जेवणाच्या सुट्टीत जुन्या मॅचेसच्या गोष्टी सांगायचा. त्यातली एक तनवीरनं मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकवली. १९५७ साली तिकडे ऑल-स्टार मॅचचे खेळाडू लोकांच्या मतांवर निवडायचे होते. सिनसिनाटी नावाच्या शहरातल्या लोकांनी इतकी मतं ओतली, इतकी ओतली, की आठातले सात खेळाडू त्यांच्याच टीमचे निवडून आले. मग बेसबॉलच्या मुख्य साहेबानं त्यातले दोघे सरळ काढून टाकले आणि त्यांच्या जागी दुसरे घेतले. सगळे पोट धरून हसले. आपल्याकडेही लोकांनीच मत द्यायचं, मोबाइलवरून, असं तिथल्या तिथे ठरलं.

आणि आपल्या लोकांनी सिनसिनाटीवाल्यांना लाजवलं. यात पुढाकार अबूबकरचा. वेल्डरचं काम करणारा हा पोरगा जहूरच्याच गावचा, बसमध्ये रोज पहिला चढून ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसणारा. भायला एकदा तरी ऑल-स्टार करायचा, एवढंच त्याच्या डोक्यात. त्यानं जमातीच्या ग्रुपवर लिंक टाकली. गावातल्या बायकांनी मतं दिली, कुवेतच्या जावयांनी दिली, पिढ्यान्‌पिढ्या केपटाऊनला राहणाऱ्या आणि जहूरचं तोंडही न पाहिलेल्या नातेवाइकांनी दिली. निकाल लागला तेव्हा पंचविशीतले सगळे फटकेबाज मागे आणि चौपन्न वर्षांचा जहूर परकार सर्वांत वर.

पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो हसत होता आणि आतून पार गारठला होता. गुडघा दुखतो म्हणाला, तर अबूबकर म्हणाला की तुम्ही नुसते उभे राहा, धावायचं आम्ही बघतो. ड्युटी आहे म्हणाला, तर पोरांनी परस्पर त्याची शुक्रवारची ड्युटी बदलून आणली. माणसं प्रेम करायला लागली की किती पक्का बंदोबस्त करतात बघा.

शेवटी तो तनवीरच्या घरी गेला. सुलेमानी चहा समोर आला, इकडचं तिकडचं झालं. मग त्यानं विषय काढला.

"तनवीर, त्या अमेरिकेच्या साहेबानं दोघांना काढला ना, तसा मना पन काढ."

तनवीरला वाटलं, भाय संकोचतायत. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "भाय, त्यानंतर तिकडे काय झालं माहितीये? लोकांचं मत घेणंच कैक वर्षं बंद करून टाकलं. मला ते करायचं नाही. लोकांना तुम्हीच हवे आहात."

जहूरच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर बसला होता तो सेफ्टीवाला. तनवीरला कळलं की त्याला ते वर कंपनीला कळवावंच लागणार, आणि माहिराची परीक्षा अजून लांब होती. जहूरनं चहा संपवला, शुक्रन म्हणून आभार मानले आणि चपला घातल्या. ज्याच्यापाशी जायचं तोच एक होता, आणि त्यालाच सांगता येत नव्हतं. खोलीवर परतताना त्याला रडूच आलं.

शुक्रवारी सकाळीच, जुम्याच्या नमाजाआधी, अल खोरबाहेरच्या खडीच्या मैदानावर मॅच सुरू झाली. पिचवर चटई अंथरलेली, कडेला बिर्याणीची पातेली, आणि जहूरच्या बसचे एकूण एक पॅसेंजर टाळ्या वाजवायला हजर. रत्नागिरीची फिल्डिंग होती. जहूरला मिडऑनला उभं केलं. थोड्या वेळानं एक सोपा झेल उंच उडाला. तो उजवीकडे बघत राहिला आणि बॉल डाव्या हाताजवळ टप्पकन पडला. सगळे हसले. भाय म्हातारे झाले म्हणाले. जहूरही हसला. त्याला वाटलं, एवढ्यावर निभावलं.

पण पुढच्या ओव्हरमध्ये रायगडच्या बॅट्समननं सरळ त्याच्या दिशेनं फटका हाणला. बॉल डावीकडून आला आणि थेट त्याच्या गालफडावर बसला. टेनिसचाच बॉल, लागून लागून किती लागणार. लागण्याचं काही नव्हतं. बॉल तोंडावर येईपर्यंत जहूरनं हात वर केला नाही, मान हलवली नाही, त्याची पापणीसुद्धा मिटली नाही. हे सगळ्यांनी बघितलं.

अबूबकर पाण्याची बाटली घेऊन धावला आणि त्याच्या डाव्या बाजूला उभा राहिला. बाटली पुढे धरली. जहूर समोर बघून गाल चोळत होता. अबूबकरनं बाटली आणखी जवळ नेली, तरी त्यानं घेतली नाही. हाताला गार बाटली लागली तेव्हा तो दचकला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि अबूबकरनं मान खाली घातली.

जहूरला कडेला खुर्ची दिली, बिर्याणी आधी त्याच्या ताटात वाढली. रत्नागिरी जिंकली, फोटोत त्याला मधोमध उभं केलं. इतक्या मायेनं सगळे वागले की त्याला घास गिळवेना.

शनिवारी पहाटे त्यानं नेहमीच्या जागी बस लावली आणि दार उघडलं. पोरं डबे घेऊन फुटपाथवर उभी होती. कुणी चढेना. अबूबकरनं पायरीवर एक पाय ठेवला आणि परत खाली घेतला.

"भाय," तो म्हणाला, "आमी कुनाला सांगितला नाय. कुनी सांगनार पन नाय. पन पाय वर उचलत नाय."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. जहूरनं त्या पोरांकडे एकेक करून बघितलं. राग कुणाचा करायचा? एखादा ओरडला असता, शिवी दिली असती, तर बरं वाटलं असतं. ती नुसती उभी होती, आणि कामाला उशीर होत होता.

त्यानं इंजिन बंद केलं आणि ट्रान्सपोर्ट ऑफिसला फोन लावला. दुसरा ड्रायव्हर पाठवा म्हणाला. काय झालं, असं तिकडून हिंदीत विचारलं.

"मेरी एक आँख चली गई है, सर. बहुत दिन हुए."

पलीकडून, खलास, नीचे उतर जाओ, एवढंच ऐकू आलं.

दुसरा ड्रायव्हर आला, पोरं चढली, बस गेली. खिडक्यांतून सगळे मागे बघत होते. जहूर फुटपाथवर एकटाच बसला. तेवढ्यात रुकैयाचा फोन आला. ती सकाळपासून हवेत होती. फोटो अख्ख्या मोहल्ल्यात फिरला होता. तुमच्यासाठी मी शेजारणींचेसुद्धा फोन घेऊन मतं दिली, असं तिनं हसत हसत सांगितलं. मग नेहमीचं विचारलं, "येताव कदी?"

एरवी तो इन्शाल्ला म्हणून विषय मिटवायचा.

"येतंय," तो म्हणाला. "आता लवकरच येतंय. कायमचाच."

फोन तसाच चालू ठेवून ती अंगणात धावली. माहिराला, शेजारणीला, रस्त्यानं जाणाऱ्याला ती मोठ्यानं, हसून सांगत होती की माझा माणूस येतोय, आता परत जायचा नाही. जहूरनं दोनदा तिला हाक मारली. तिच्यापर्यंत ती पोचली नाही.